जाळी शाबूत, तरी घरात डास: खिडकी-दाराच्या जाळ्यांची घरच्या घरी दुरुस्ती

घरात डास वाढले की सगळा दोष जाळीला जातो. माणूस बोलावून नवी जाळी बसवली जाते, चार दिवस बरे जातात आणि मग संध्याकाळी कानाशी तीच गुणगुण. बहुतेक घरांत डास जाळीतून येतच नाहीत, जाळीच्या कडेनं येतात. कुठे जाळी खाचेत दाबून धरणारं रबर सुटलेलं असतं, कुठे शटर (म्हणजे जाळीची सरकणारी फ्रेम) आणि खिडकीची चौकट यांच्यात फट असते, कुठे दाराखालून बोटभर उजेड दिसत असतो. नवी जाळी त्याच सैल चौकटीत बसवली तर पैसे गेले, डास राहिले. म्हणून खाली जाळी कशी ताणायची हे जेवढं आहे, तेवढंच कडांबद्दलही आहे.

काम अवघड नाही. सवय नसेल तर पहिल्या खिडकीला दीड-दोन तास धरा, पुढच्या भराभर होतात. शक्य असेल तर मे महिन्यात उरका. पाऊस सुरू झाला की लाकूड फुगतं, डिंक धरत नाही आणि शटर काढल्यावर खिडकी उघडी ठेवायची सोय राहत नाही.

आधी फट शोधा

अंधार पडल्यावर खोलीतला दिवा लावा, काच पूर्ण सरकवा, जाळी बंद करा आणि अंगणातून किंवा गॅलरीतून खिडकीकडे बघा. जाळीतून येणारा उजेड मंद आणि सारखा दिसतो. जिथे कडेला चकचकीत रेघ दिसेल तिथे फट आहे. वरच्या मजल्यावर बाहेर जाता येत नसेल तर उलट करा: भर दुपारी खोलीतले दिवे बंद करून, बाकीच्या खिडक्यांचे पडदे ओढून आतून बघा.

दुसरी परीक्षा कागदाची. वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी कापून शटरची उभी कड आणि चौकट यांच्यामध्ये धरा आणि शटर लावा. पट्टी अडकून राहिली तर ठीक. अलगद निघून आली तर कडेची केसाळ पट्टी झिजली आहे. हार्डवेअरवाले तिला वूलपाईल म्हणतात. ती मीटरवर मिळते आणि शटरच्या खाचेत वरून सरकवून बसवता येते. जुनीचा तुकडा सोबत न्या, कारण पाठीची रुंदी आणि केसांची उंची दोन्ही जुळावी लागतात.

सरकत्या खिडकीची एक खोड मात्र दुरुस्तीनं जात नाही, ती वापरण्याची आहे. तीन ट्रॅकच्या खिडकीत दोन काचा आणि एक जाळी असते. काच पूर्ण सरकवली की काचेच्या शटरची उभी पट्टी आणि जाळीच्या शटरची उभी पट्टी समोरासमोर येतात आणि मधली फट केसाळ पट्टीनं बंद होते. काच अर्धीच उघडली तर जाळीच्या पट्टीसमोर नुसती सपाट काच येते, आणि दोघींच्या मध्ये वरपासून खालपर्यंत एक उभी गल्ली मोकळी राहते. ‘थोडीशी हवा येऊ दे’ म्हणून अर्धी काच उघडणाऱ्या घरात जाळी नवी असूनही डास का, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. काच एक तर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण लावा.

आणि वेळेचंही बघा. मलेरिया डासांमुळे होतो हे दाखवण्यासाठी १९०० साली ब्रिटिश डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांनी रोमजवळच्या ओस्तियाच्या दलदलीत जाळ्या लावलेली एक लाकडी झोपडी उभी केली. डॉ. सॅम्बन आणि डॉ. लो मलेरियाच्या ऐन हंगामात तिथे राहिले. दिवसभर बाहेर हिंडायचे, फक्त सूर्यास्ताआधी आत येऊन दार लावून घ्यायचे. दोघांनाही ताप आला नाही. आपल्याकडची ‘दिवेलागणीला खिडक्या लावा’ ही शिस्त त्याच जातीची आहे आणि मलेरियाच्या डासापुरती ती योग्यही आहे. पण डेंग्यू पसरवणारा एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त. त्यामुळे जाळी सकाळपासूनच बंद हवी, म्हणजेच ती सहज सरकली पाहिजे. जड सरकणारी जाळी घरातली माणसं उघडीच ठेवतात.

कुठली जाळी घ्यायची

दुकानदार विचारेल, ‘बारीक देऊ की जाड?’ तुम्ही भोकाचं माप विचारा. डास अडवायचा तर भोक साधारण १.२ मिलीमीटरपेक्षा मोठं नको. इंचाला १६ तारा हे त्यासाठीचं जुनं, वैद्यकाच्या पुस्तकांतलं माप. तार जाड की बारीक यावर भोक थोडं कमी-जास्त होतं. बाजारात १८ × १६ ची (इंचाला एकीकडून १८, दुसरीकडून १६ तारांची) जाळी सर्रास मिळते आणि घराला तीच पुरते. दुकानातच पट्टी ठेवून एका इंचात किती खण येतात ते मोजा. १४ च्या खाली आले तर माशा अडतील, डास नाहीत. याहून बारीक जाळीही मिळते आणि चिलटांचा त्रास असेल तर मोह होतो, पण भोक लहान झालं की वाराही तेवढा अडतो. एप्रिलमध्ये विदर्भात किंवा मराठवाड्यात अशी जाळी लावून बघा, पंख्याचा वेग दोन अंकांनी वाढवाल.

आता माल. पहिल्यांदाच करणार असाल तर फायबरग्लासची जाळी घ्या. काचेच्या तंतूवर पीव्हीसीचा मुलामा दिलेली असते. मऊ असते, साध्या कात्रीनं कापली जाते, गंजत नाही, बोटाला टोचत नाही आणि बसवताना वळ पडला तरी निघून जातो. मांजरीची नखं आणि उंदराचे दात यांच्यापुढे मात्र तिचं काही चालत नाही, आणि पश्चिमेच्या उन्हात काही वर्षांनी ती ठिसूळ होते. नखानं हलकं खरवडल्यावर मुलामा पिठासारखा निघाला तर तिचे दिवस भरले.

हिरवी-निळी प्लास्टिकची जाळी सगळ्यात स्वस्त. भाड्याच्या खोलीत एखादं वर्ष काढायचं असेल तर ठीक. उन्हानं सैल पडते, मग झोळ येतो.

ॲल्युमिनियमची जाळी हलकी आणि दिसायला नीटस, पण एकदा कोपर लागलं की खळगा कायमचा. समुद्राकाठी तिच्यावर पांढरी पूड धरते. रत्नागिरी, मालवण, पणजी, अगदी मुंबईत वर्सोव्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

स्वयंपाकघर, तळमजला, कोठीची खोली, जिथे उंदरांचा वावर आहे तिथे स्टेनलेस स्टील. तेलकट झाली तर साबणानं घासता येते आणि शेगडीजवळ वितळत नाही. ३०४ दर्जाची मागा. समुद्र अगदी समोर असेल तर ३१६ परवडते का बघा, कारण खाऱ्या हवेत ३०४ वरही तांबूस ठिपके येतात. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो आणि ‘बघा, चिकटत नाही, अस्सल ३०४’ म्हणतो. स्वस्तातलं २०२ सुद्धा चुंबकाला जवळपास तसंच वागतं, शिवाय खेचून बारीक केलेली ३०४ ची तार थोडी चिकटूही शकते. या परीक्षेवर विसंबू नका. बिलावर दर्जा लिहून घ्या.

रंगाचं म्हणाल तर काळी किंवा करडी घ्या. पांढरी जाळी उन्हात चमकते आणि बाहेरचं दृश्य धुरकट करते. काळ्या जाळीतून झाड झाडासारखं दिसतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण लहान मुलं असलेल्या घरांत गैरसमज असतो: डासांची जाळी मूल अडवत नाही. मुलानं अंगाचा भार टाकला तर जाळी रबरासकट निसटते. खिडकीला ग्रील नसेल तर जाळीच्या आधी ग्रील करा.

सामान आणि माप

जाळी, रबर, कटर आणि दोन-तीन नवी पाती, स्क्रू-ड्रायव्हर, मापाची टेप, जुना टूथब्रश, आणि रबर दाबायचा छोटा रोलर. रोलरला दोन्ही टोकांना चाकं असतात, एकाची कड फुगीर, दुसऱ्याला मध्ये खाच. हार्डवेअरवाल्याकडे नसेल तर ॲल्युमिनियम सेक्शन विकणाऱ्या दुकानात मिळतो. रोलरशिवाय नुसत्या स्क्रू-ड्रायव्हरनं दाबत गेलात तर जाळीला टोचे पडतील, एवढी काटकसर नको.

जाळी शटरच्या मापापेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त धरा. ती ठरावीक रुंदीच्या गुंडाळ्यांत येते, तीन फुटी आणि चार फुटी सहज मिळतात. म्हणून सगळ्या खिडक्यांची मापं एका कागदावर लिहून, कुठला तुकडा कुठल्या रुंदीतून निघेल हे घरीच ठरवून जा.

रबराचं माप डोळ्यांनी सांगता येत नाही. साडेतीन, चार, साडेचार, पाच मिलीमीटर असे प्रकार असतात आणि अर्ध्या मिलीमीटरच्या फरकानं काम बिघडतं. बारीक घेतलं तर वाऱ्यानं सुटतं, जाड घेतलं तर खाचेत जातच नाही. जुन्या रबराचा बोटभर तुकडा खिशात घाला. जाळी बदलून बारीक किंवा जाड तारेची घेत असाल तर दुकानदाराला तेही सांगा. जुनंच रबर पुन्हा वापरायचा विचार सोडा. वळवल्यावर त्याला चिरा पडतात ना? मग ते काय धरणार.

सरकत्या खिडकीची जाळी

*शटर काढणं.* जाळीचं शटर आतल्या ट्रॅकवर असेल तर सोपं. दोन्ही हातांनी उभ्या पट्ट्या धरा, शटर सरळ वर उचला, खालची कड ट्रॅकमधून सुटली की ती स्वतःकडे ओढा आणि मग वरची कड खाली उतरवा. उचललं जात नसेल तर जोर लावू नका. वरच्या ट्रॅकमध्ये एखादा अडसर स्क्रूनं बसवलेला असतो, तो काढा. किंवा खालच्या पट्टीच्या टोकाला बेअरिंगचा स्क्रू असतो, तो फिरवला की चाकं आत जातात आणि थोडी उंची मिळते. जाळी बाहेरच्या ट्रॅकवर असेल तर आधी काचेची शटरं उतरवावी लागतात. ती जड असतात, तेव्हा दुसरा माणूस हवाच.

वरचा मजला असेल आणि बाहेर ग्रील नसेल तर शटरला आधी दोरी बांधा आणि तिचं दुसरं टोक खोलीतल्या जड वस्तूला अडकवा. खाली कुणी उभं नाही ना, ते बघा. खिडकीबाहेर वाकून काहीही करायचं नाही. तेवढं वाकावं लागत असेल तर हे काम खिडक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरचं आहे, आपलं नाही.

*चौकट तपासणं.* शटर जुन्या चादरीवर, सपाट जमिनीवर आडवं ठेवा, रबराची बाजू वर. कोपऱ्यात स्क्रू-ड्रायव्हरचं टोक घालून रबर उचका आणि ओढत चला, पाठोपाठ जाळीही सुटते. खाचेत वर्षानुवर्षांची माती घट्ट बसलेली असते. टूथब्रशनं कोरडी झाडा, मग ओल्या फडक्यानं पुसा. इथे घाई केली तर नवं रबर एका बाजूला उचललेलं राहतं. चार कोपऱ्यांचे स्क्रू घट्ट करा. यूपीव्हीसीचं (कडक प्लास्टिकचं) शटर असेल तर कोपरे सांधलेले असतात, तिथे काही करायचं नसतं. आता टेपनं दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. दोन-तीन मिलीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर कोपऱ्यांचे स्क्रू किंचित ढिले करा, लांब कर्णाच्या दोन टोकांना हातानं दाबा आणि परत आवळा. तिरक्या चौकटीत जाळी ताणली की तो तिरकेपणा कायमचा होतो, आणि मग शटर लावल्यावर वरच्या कोपऱ्यात पाचरीसारखी फट राहते. कागदाच्या परीक्षेत सापडलेली फट अनेकदा हीच असते.

*जाळी अंथरणं.* जाळी गुंडाळीतून येते म्हणून तिला बाक असतो. कडा खाली वळतील अशी पसरा, नाहीतर त्या वर उडत राहतात. विणीच्या रेघा चौकटीच्या कडेला समांतर आहेत का, हे लांब उभं राहून बघा. तिरकी बसलेली जाळी ताणली तरी लाटा दाखवते.

*रबर बसवणं.* सगळं कौशल्य इथे आहे, तेव्हा सावकाश. एका कोपऱ्यापासून लांब बाजूनं सुरुवात करा. रबराचं टोक कोपऱ्यात स्क्रू-ड्रायव्हरनं दाबून बसवा. मग रोलरचं खाचवालं चाक रबरावर ठेवून छोट्या-छोट्या फेऱ्यांनी, पुढे-मागे, दाबत जा. रबर नीट बसलं की बोटाला कळतं: चाक एकदम अर्धी रेघ खाली उतरतं आणि हाताखालचा दचका थांबतो. जिथे ते वरच फुगून राहतं तिथे खाली माती आहे किंवा जाळीची घडी पडली आहे. तसंच पुढे जाऊ नका.

रबर ताणायचं नाही. ताणून बसवलेलं रबर काही दिवसांत आखडतं आणि चारी कोपऱ्यांत दाण्याएवढी भोकं पडतात, डासाला तेवढी वाट पुष्कळ. उलट, कोपऱ्यात किंचित ढिलं सोडून दाबा. अगदीच जड जात असेल तर रबरावर साबणाच्या पाण्याचा हात फिरवा. तेल नको, तेलानं ते पुढे निसटतं.

पहिली लांब बाजू झाली की कोपरा वळून लगतची आखूड बाजू, मग समोरची लांब, शेवटी उरलेली आखूड. दुसऱ्या बाजूपासून एका हातानं जाळी सपाट धरायची, पण खेचायची नाही. रबर खाचेत उतरताना स्वतःच जाळी ओढून घेतं. नवखा माणूस तबल्याच्या पुडीसारखी जाळी ताणायला जातो आणि शटरच्या लांब पट्ट्या मध्यावर आत वाकतात. म्हणून तिसरी बाजू संपली की शटरची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा. मध्ये कमी भरली तर मधल्या हातभर भागाचं रबर काढून जाळी थोडी सोडा आणि परत दाबा. शटर चार फुटांपेक्षा उंच असेल तर सुरुवातीलाच दोन लांब पट्ट्यांच्या मध्ये नेमक्या मापाची लाकडी पट्टी आडवी अडकवून ठेवा, म्हणजे वाकायला जागाच उरत नाही.

स्टीलच्या जाळीची रीत थोडी वेगळी. ती खाचेत आपणहून वळत नाही. आधी नुसत्या जाळीवर रोलरचं फुगीर चाक फिरवून खाचेचा वळ उमटवून घ्या. कोपऱ्यांत जाळी तिरकी छाटा, नाहीतर दुमडीची जाडी रबर आत जाऊ देत नाही. रबरही सलग न घेता चार बाजूंना चार तुकडे करा. हातमोजे घाला, त्या तारा नखाखाली शिरतात.

*कडा छाटणं.* नवं पातं लावा. पात्याचं टोक रबराच्या बाहेरच्या अंगाला ठेवून, ते बाहेर चौकटीकडे कललेलं राहील असं धरा आणि एका दमात ओढा. आत कललं तर ताजी जाळी किंवा रबर कापलं जातं. बोथट पात्यानं जाळी कापली न जाता ओढली जाते आणि बसवलेलं रबर उचलून येतं. एका खिडकीला एक पातं हा हिशोब ठेवा.

*परत बसवण्याआधी.* शटर हातात आहे तोवर त्याची चाकं बघा. झिजलेली किंवा अडकणारी बेअरिंग आत्ताच बदला, पुढे पुन्हा उतरवायचं कोण? खालचा ट्रॅक जुन्या रंगाच्या ब्रशनं झाडा. ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला पाणी निघायची छोटी भोकं असतात. ती मातीनं बुजलेली असतील तर बारीक तारेनं मोकळी करा. पावसाळ्यात खिडकीतून पाणी आत येतं अशी तक्रार असलेल्या घरांत ही भोकं आधी बघावीत. त्या भोकांतून किडे येतात म्हणून ती एम-सीलनं बुजवणारे लोक पाहिले आहेत, तसं करू नका. ट्रॅकमध्ये तेल घालू नका, तेलावर धूळ बसून चिखल होतो. सिलिकॉनचा फवारा किंवा मेणबत्तीचा तुकडा घासलात तरी पुरतं. शटर बसवताना आधी वरची कड, मग खालची.

जुन्या लाकडी खिडक्या

वाड्यांत, कोकणातल्या घरांत आणि जुन्या चाळींत जाळी लाकडी चौकटीवर खिळ्यांनी ठोकून वरून लाकडी पट्टी मारलेली असते. ही पट्टी वाचवणं म्हणजे निम्मं काम. टोकापासून उचकली तर ती फाटते. मधोमध पातळ पटाशी घाला, हलकं उचला, मग दोन्ही बाजूंना सरका. निघालेल्या पट्टीतले खिळे ठोकून उलटे बाहेर काढू नका, मागच्या बाजूनं पकडीत धरून ओढा, म्हणजे दर्शनी रंग उडत नाही. कुठली पट्टी कुठली हे पेन्सिलीनं मागे लिहून ठेवा. जुन्या सुतारकामात दोन बाजू क्वचितच सारख्या असतात.

लाकूड उघडं पडलं आहे तर पॉलिशपेपर मारून, प्रायमर आणि रंग आधीच द्या, जाळी नंतर. जाळीवरून फिरलेला ब्रश भोकं बुजवतो. जाळीची कड अर्धा इंच दुमडून दुहेरी करा, मग ती खिळ्याजवळ फाटत नाही. वरच्या बाजूच्या मध्यापासून सुरू करून दोन्ही कोपऱ्यांकडे, दर दोन इंचांवर स्टेपल मारत जा. मग खालची बाजू, तीही मध्यापासून. कडेच्या बाजू शेवटी. स्टेपल गन नसेल तर डोक्याच्या बारीक चुका चालतात. खाऱ्या हवेत साधे लोखंडी खिळे घेऊ नका, जाळी टिकते आणि खिळेच गंजून पट्टी सुटते. ॲल्युमिनियमच्या जाळीला तर तांब्या-पितळेचे किंवा स्टीलचे खिळे ओल्या खाऱ्या हवेत आणखी लवकर खातात. तिथे स्टीलची जाळी आणि स्टीलचेच स्क्रू, ही जोडी टिकते.

एखादंच भोक असेल तर

फायबरग्लासमध्ये तारा नुसत्या सरकलेल्या असतील तर सुईच्या टोकानं त्या जागच्या जागी आणा आणि वरून रंगहीन नेलपॉलिशचा एक थेंब द्या. तांदळाच्या दाण्याएवढं भोक असंच बुजतं. रुपयाच्या नाण्याएवढं झालं तर त्याच जाळीचा तुकडा, भोकापेक्षा सगळीकडून अर्धा इंच मोठा, वीण जुळवून ठेवा आणि बारीक नायलॉनच्या दोऱ्यानं शिवा. नुसतं फेव्हिक्विक लावून चिकटवलेला तुकडा कडक होतो आणि त्याच्या कडेनं नवी चीर जाते.

स्टीलच्या जाळीला ठिगळ मात्र सुरेख बसतं. तुकडा चौकोनी कापा, चारी बाजूंच्या दोन-तीन तारा उसवून काढा, म्हणजे कडेला झालरीसारखी टोकं उरतील. ती काटकोनात वाकवा, भोकावर ठेवून जाळीतून पलीकडे काढा आणि मागून आतल्या बाजूला दुमडून दाबा. दोन हातांवरून दिसतही नाही.

चीर कडेला, रबराच्या लगत असेल तर ठिगळाच्या फंदात पडू नका. तिथे सगळा ताण असतो. जाळी बदला.

जाळीचं दार

दाराची जाळी खिडकीपेक्षा लवकर जाते आणि जवळपास नेहमी खालच्या अर्ध्या भागात. मुलं पाय लावून ढकलतात, हात भरलेला माणूस गुडघ्यानं उघडतो, मांजर नखं लावते. म्हणून नुसती जाळी बदलण्यापेक्षा खालचा दीड-दोन फूट भाग प्लाय किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यानं बंद करा आणि मूठ आहे त्या उंचीवर एक आडवी पट्टी मारून घ्या. ढकलणाऱ्याचा हात आपोआप पट्टीवर जातो.

दार लटकलं असेल, म्हणजे मुठीकडचा खालचा कोपरा जमिनीला घासत असेल, तर बहुतेक वेळा वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झालेले असतात. भोक मोठं झालं असेल तर त्यात लाकडाची काडी फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोका, सुकू द्या आणि स्क्रू परत आवळा. दार रंध्यानं घासायची घाई करू नका. उन्हाळ्यात लाकूड आखडल्यावर तिथेच फट पडेल.

खालच्या फटीसाठी ब्रशची पट्टी मिळते, ती दाराच्या आतल्या बाजूनं, केस जमिनीला जेमतेम टेकतील अशी लावा. आणि दार स्वतःहून बंद होईल अशी स्प्रिंगची बिजागरी किंवा छोटा क्लोजर बसवा. ‘दार लावून घ्या रे’ हे दिवसातून वीस वेळा सांगण्यापेक्षा स्वस्त.

घडीची जाळी, जी पंख्यासारखी मिटते, तिच्या आतून दोऱ्या ओवलेल्या असतात. खालच्या खाचेतला केरकचरा काढणं एवढंच घरी करा. दोरी तुटली तर बसवून देणाऱ्याला बोलवा. ती उघडून बसणाऱ्याचा रविवार जातो.

वेल्क्रोची जाळी

भाड्याचं घर, बाहेर उघडणारी खिडकी किंवा ग्रीलच्या आडव्या-तिडव्या आकारामुळे शटर बसत नसेल तर वेल्क्रो. जाळी शिवून देणारे गल्लोगल्ली असतात, काम सगळं चिकटवण्याचं. डिस्टेंपरच्या भिंतीवर पट्टी टिकत नाही, रंगाची भुकटीच सुटून येते. ती खिडकीच्या चौकटीवर, ॲल्युमिनियमवर किंवा ऑइलपेंटवर लावा. जागा आधी साबणाच्या पाण्यानं, मग स्पिरिटनं पुसा, पूर्ण सुकू द्या. पट्टी दाबून बसवल्यावर पूर्ण एक दिवस जाळी लावू नका, डिंकाला धरू द्या. कोपऱ्यात पट्ट्यांची टोकं भिडवा, मध्ये जागा सोडलीत तर तेच दार होतं. जाळी काढताना कोपऱ्यापासून, पट्टी बोटानं दाबून धरून सोलायची. मधून धरून ओढली की भिंतीवरची पट्टीच हातात येते.

धुणं

दर दोन-तीन महिन्यांनी कोरडी धूळ मऊ ब्रशनं किंवा व्हॅक्यूमनं काढा, मग साबणाच्या कोमट पाण्यानं स्पंज फिरवा. तारेचा ब्रश आणि ॲसिड दोन्ही वर्ज्य. स्वयंपाकघरातल्या जाळीवर तेलाचा थर आणि त्यावर धूळ बसून ती जवळजवळ कापडासारखी होते, तिथे भांड्यांचा साबण लावून दहा मिनिटं ठेवावा लागतो.

न्हाणीघराच्या झरोक्याला जाळी असेल आणि तिथे गॅस गिझर असेल तर ही सफाई नीटनेटकेपणासाठी नाही, जिवासाठी आहे. बुजलेल्या जाळीमुळे हवा खेळत नाही, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड साचतो. त्याला वास नसतो. खरं तर गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर हवा. नसेलच, तर त्या झरोक्याला बारीक जाळी लावू नका आणि आहे ती दर महिन्याला धुवा. सिलिंडर ठेवलेल्या कपाटाच्या तळाशी असलेल्या भोकांवरही जाळी मारायची नाही. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो तिथूनच बाहेर पडतो.

खिडक्या झाल्या, आता दोन नळ्या

कापलेल्या जाळीचे तुकडे फेकू नका. घरामागे सेप्टिक टँकचा उंच पाईप असतो, त्याच्या तोंडावर फायबरग्लासच्या जाळीचा दुहेरी तुकडा ठेवून स्टीलच्या क्लॅम्पनं आवळा. टाकीतल्या घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतात आणि याच पाईपातून संध्याकाळी बाहेर पडतात. आरोग्यसेवक दर पावसाळ्यात ‘पाईपला जाळी बांधा’ म्हणून सांगत फिरतात ते यासाठी. सुतळीनं बांधू नका, एका पावसाळ्यात कुजते. दुसरी नळी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची: ओसंडून वाहणाऱ्या पाण्याच्या पाईपला तसाच तुकडा, आणि टाकीचं झाकण नीट बसतं का तेही तिथे आहात तोवर बघून घ्या. एडिसला स्वच्छ साठलेलं पाणी लागतं, आणि अंड्यापासून डास व्हायला आपल्याकडच्या उष्णतेत आठवडा-दहा दिवस पुरतात. तेव्हा टाकीच्या पाईपची जाळी सुटली नाही ना, हे गच्चीवर वाळवणं घालायला जाल तेव्हा दर वेळी बघा.